दोन सेटमधली तीन मिनिटं

जिममध्ये बार रॅकवर ठेवून बाकावर बसलेल्या माणसाकडे आपण चटकन आळशी म्हणून बघतो. धापा टाकणारा मेहनती, बसलेला कामचुकार, असा हिशेब मनात पक्का असतो. अनेक ठिकाणी तर प्रशिक्षकच "चला, बसायचं नाही" म्हणत फेऱ्या मारतात. वजन किती, रेप म्हणजे आवर्तनं किती, प्रथिनं किती, यावर तासन्‌तास चर्चा होते. एक सेट संपल्यावर पुढचा सुरू करण्याआधी किती थांबायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ताकदीच्या व्यायामात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे असं माझं मत आहे. तिच्यामुळे कितीतरी माणसं महिनोन्‌महिने घाम गाळूनही आहे त्याच वजनावर अडकून राहतात.

माझ्या मामांच्या घरात या प्रश्नावर दोन तट आहेत. मामांचं तरुणपण कोल्हापूरच्या तालमीत गेलं. मैदानं मारली, पुढे गावातल्या पोरांना शिकवलं. आता सत्तरीला टेकलेत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, कॉलेजात वेटलिफ्टिंग करायची आणि आता पुण्यात ताकदीचा व्यायाम शिकवते. तिच्याकडे पंचविशीतल्या मुलांपेक्षा चाळिशी-पन्नाशीच्या बायका जास्त येतात. मामा काही दिवस तिच्या जिममध्ये जाऊन बसले आणि तिथं जे बघितलं ते त्यांना रुचलं नाही. त्यावरून बापलेकीत जे बोलणं झालं ते इथे देते आहे. क्रम तेवढा मी लावला आहे.

मामा : तुझ्याकडं माणसं व्यायामाला येतात का बसायला? ती निळ्या टी-शर्टची बाई पाच बैठका मारून तीन मिनिटं बसली. परत पाच, परत बसली. एवढ्या बैठका तर आम्ही अंग मोकळं करायला मारायचो.

ताई : आबा, तिच्या खांद्यावर साठ किलोचा बार होता.

मामा : असू दे की. वजन घेतलं म्हणून बसायचं? आम्ही पहाटे चारला उठायचो. जोर, मग बैठका, मग सपाटे, मग हौद्यात उतरून लढती. मधे कोण बसला तर वस्तादाची काठी पाठीत. अंग एकदा तापलं की थंड होऊ द्यायचं नाही. थंड अंगानं जोर लावला की शीर धरते, लचक भरते. पिढ्यान्‌पिढ्या बघून ठरलेली गोष्ट आहे ही.

ताई : सलग किती बैठका मारत होता तुम्ही?

मामा : पाचशे तर सहज. मोठे पैलवान हजारांत मारायचे. गामा पैलवान दिवसाला पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर मारायचा, असं आमचे वस्ताद सांगायचे.

ताई : जी गोष्ट सलग पाचशे वेळा होते, ती एका वेळेला तुमच्या ताकदीचा अगदी छोटा हिस्सा मागते. म्हणून ती न थांबता करता येते. त्या बाईला साठ किलो घेऊन सहावी बैठक कशीबशी आली असती, सातवी आलीच नसती. तिचं काम वेगळं आहे. तिला पाचशे बैठकांचा दम नकोय. तिची हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, जिना चढताना गुडघे थरथरतात. तिला पायात ताकद हवी आहे.

मामा : दम आणि ताकद काय वेगळं असतं? दम सुटला की पैलवानाची ताकद कुठं राहते? समोरचा तुला तीन मिनिटं देणार आहे का बसायला? आता गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मधे तीस सेकंद. त्या तीस सेकंदांत जो सावरला तो जिंकला. मग तालमीत तीन मिनिटं बसायची सवय लावून कसं चालेल?

मामांचा हा मुद्दा हलका नाही. कुस्तीगीर, कबड्डीपटू, बॉक्सर यांना थकलेल्या अंगानं जोर लावता यावा लागतो, आणि ती क्षमता थकूनच कमवावी लागते. ताईनं तो मान्य केला आणि तिथूनच तिनं आपलं म्हणणं उलगडलं.

ताई : पैलवानाला दोन्ही लागतं, म्हणून दोन्ही कमवावं लागतं. पण एकाच सेटमध्ये नाही. स्नायू आकसतो तो एटीपी नावाच्या इंधनावर. ते स्नायूत दोन-तीन सेकंद पुरेल एवढंच असतं, म्हणून क्षणोक्षणी नव्यानं बनवावं लागतं. जड वजनाखाली ते सगळ्यात वेगानं बनतं क्रिएटिन फॉस्फेटपासून. हा साठाही लहान. दहा-पंधरा सेकंदांच्या जोरात तो बराच खाली जातो. बार ठेवला की तो परत भरायला लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरून येतो. उरलेला मात्र हळूहळू येतो. पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

मामा : म्हणजे विहिरीसारखं झालं. मोटार बंद केली की पाणी आधी भराभर चढतं, वरचा हातभर भरायला मात्र रात्र जाते.

ताई : अगदी तसंच. आणि हे भरायला प्राणवायू लागतो. बाकावर बसलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलत असते ना, ती उगाच नाही. तुम्हाला तो बसलेला दिसतो, त्याच्या मांडीत काम चालू असतं. एका मिनिटात उठवला तर पाचाच्या जागी तीनच रेप येतील, नाहीतर वजन उतरवावं लागेल. दोन्हीकडून स्नायूवरचा भार कमी झाला. ज्या भारासाठी ती बाई घरून एवढ्या लांब आली, तोच कमी झाला.

मामा : पण ज्याचा दम चांगला, त्याची विहीर लवकर भरत असेल.

ताई : भरते. हे तुमचं शंभर टक्के खरं आहे. ज्याची हृदय-फुप्फुसं कमावलेली आहेत, ज्याच्या स्नायूत रक्त नीट खेळतं, त्याचा साठा लवकर भरतो. म्हणून मी माझ्याकडच्या सगळ्यांना भरभर चालायला लावते, चढ चढायला लावते. पण ते वेगळ्या वेळेला. बायका साधारणपणे पुरुषांपेक्षा लवकर सावरतात, हेही मी रोज बघते. तुमच्या जोर-बैठकांना मी कमी लेखत नाही, आबा. जोर-बैठकांनी पन्नाशीच्या बाईची ताकद वाढत राहील असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीचे काही आठवडे वाढेल, पुढे थांबेल.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण 'सेट' ही कल्पनाच फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे आणि मांड्या पुन्हा कमावण्यासाठी थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं वाढत्या वजनाचा व्यायाम सुरू केला आणि १९४५ साली त्याबद्दल लिहिलं. त्याआधी हलक्या वजनानं पुष्कळ वेळा हालचाल करून घेण्याची पद्धत होती. डीलॉर्मनं वजन जड केलं. सुरुवातीला तोही दहा-दहाचे सात-सात सेट करून घेत असे. पुढे १९४८ साली त्यानं आणि वॉटकिन्सनं ते तीनवर आणले : पहिला दहा वेळा झेपेल त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण वजनाचा. कमी वेळा पण जड, आणि खरा कस लागणारा सेट शेवटचा. आज जगभरच्या जिममध्ये जे 'दहाचे तीन सेट' चालतात, त्यांचं मूळ या रुग्णालयातल्या कामात आहे. त्या सैनिकांना घाम गाळून दमायचं नव्हतं, पायावर उभं राहायचं होतं. ताकदीच्या व्यायामाचा हेतू सुरुवातीपासून हा आहे, आणि म्हणून या वादात माझा कल ताईकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मामा मात्र सहजी ऐकणारे नाहीत.

मामा : दमल्याशिवाय अंग भरतं का? पिंडऱ्या-मांड्या अशा तटतटून येतात, रक्त सळसळतं, तेव्हाच अंग वाढतं. तुझ्या त्या बाकावर बसणाऱ्यांच्या अंगाला नीट घामसुद्धा येत नाही.

ताई : हे पुष्कळ वर्षं जिमवालेही मानत होते. विल्यम क्रेमर नावाच्या संशोधकाच्या चमूनं १९९० साली दाखवलं की मधे एकच मिनिट थांबून दहा-दहा रेपचे सेट मारले, तर रक्तात ग्रोथ हॉर्मोन पुष्कळ वाढतं. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की अंग भरायचं असेल तर कमी थांबायचं. पण ते हॉर्मोन तासाभरात उतरतं. त्यानं स्नायू खरंच वाढतो का, हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तपासलं. एकाच माणसाचा एक दंड नुसता कमवायचा. दुसऱ्या दंडाचा व्यायाम झाला की लगेच पायांचा जोरदार व्यायाम घ्यायचा, म्हणजे रक्तात हॉर्मोनची लाट येईल. पंधरा आठवडे हे चाललं. शेवटी दोन्ही दंड सारखेच वाढले.

मामा : सारखेच?

ताई : सारखेच. आणि २०१६ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ विश्रांतीचीच परीक्षा घेतली. व्यायामाची सवय असलेले एकवीस तरुण. निम्म्यांना मधे एक मिनिट, निम्म्यांना तीन. बाकी सगळं तेच : सात व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, आठ ते बारा रेप, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. तीन मिनिटं थांबणाऱ्यांचं स्क्वॉट आणि बेंच प्रेस जास्त वाढलं, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही जास्त वाढली.

मामा : एकवीसच पोरं. एवढ्यावरून दुनियेला शिकवायचं?

ताई : बरोबर विचारलंत. त्यानंतर असे बरेच अभ्यास झाले आणि चित्र थोडं सौम्य झालं. नुसता स्नायू भरायचा असेल तर एका मिनिटापेक्षा जास्त थांबण्याचा फायदा आहे, पण तो लहान आहे, आणि दीड मिनिटाच्या पुढे फारसा फरक दिसत नाही. २०२४ साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेच निघालं. दुसरी गोष्ट. कमी थांबणाऱ्यानं एखाद-दोन सेट वाढवून एकूण काम तेवढंच केलं, तर स्नायूही जवळपास तेवढाच वाढतो. म्हणजे थांबण्यात काही जादू नाही. थांबल्यामुळे पुढचं काम नीट होतं, एवढंच.

मामा : मग तीन मिनिटं कशाला? दीड मिनिटात भागतंय की.

ताई : स्नायू भरायला भागतं. मोठं वजन हलवायची ताकद वाढवायची तर नाही भागत. पाच किंवा त्याहून कमी रेपचं वजन असलं की मी तीन ते पाच मिनिटं देते. आठ-दहा रेपचं असलं की दोन मिनिटं. दंड, पिंडऱ्या, खांदा अशा छोट्या व्यायामाला मिनिट, दीड मिनिट. आणि अगदी नवखी बाई आली, रिकामा बार उचलणारी, तर तिला मिनिट-दीड मिनिटात आपोआप बरं वाटतं. तिला मी तीन मिनिटं बसवत नाही. वजन वाढेल तशी विश्रांती वाढते.

जिममध्ये एकच आकडा सगळ्यांना लावतात तिथे गडबड होते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिननं २००९ साली काढलेल्या मार्गदर्शनातही मोठ्या, जड व्यायामांना दोन ते तीन मिनिटं आणि साहाय्यक व्यायामांना एक ते दोन मिनिटं असं म्हटलं होतं. ते वाचायला अवघड नाही, लपवलेलंही नाही. तरी भिंतीवरच्या पाटीवर 'तीस सेकंद' लिहिलेलं असतं, कारण तीस सेकंदांत माणसाची दमछाक होते आणि दमछाक झाली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

मग मामांनी खाशाबांचा विषय काढला. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाशी कुस्तीवर बोलताना तो निघतोच.

मामा : खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा गडी. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी मोठी लढत झाली त्यांची, अंग पिळून निघालं. आणि ती झाल्यावर लगेच सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोवशी लढायला उभं केलं. आता सांग, त्या वेळेला तुझी तीन मिनिटं कुठं होती?

ताई : आबा, तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार होते. दोन लढतींच्या मधे कमीत कमी अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता, असं सांगतात. पण त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेल्या अंगानं लढले आणि हरले. मामेदबेकोव पुढे जाऊन रौप्य घेऊन गेला, इशीनं सुवर्ण घेतलं. तो अर्धा तास मिळाला असता तर?

मामा : तर काय झालं असतं ते कुणी सांगावं. पण ह्यातनं मी एवढंच शिकलो की पैलवानानं विश्रांतीच्या भरवशावर राहू नये. कुणी देईल न देईल.

ताई : आणि मी हे शिकले की ज्यानं नियम केला त्याला ठाऊक होतं, दमलेल्या माणसाची ताकद मोजता येत नाही. मोजला जातो तो त्याचा थकवा. खाशाबांची ताकद त्या लढतीत दिसलीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांची ताकद मला बघायची असते, वाढवायची असते. मग मी त्यांना त्या दिवशीच्या खाशाबांसारखं का उभं करू?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला विचाराल तर एकाच प्रसंगातून काढलेले हे दोन्ही धडे खरे आहेत. स्पर्धेत उतरणाऱ्यानं मामांचा धडा घ्यावा. पण त्या दिवशी खाशाबांवर जो अन्याय झाला असं सांगतात, त्याला आपण खेळाडूच्या सहनशक्तीची गोष्ट म्हणून सांगत आलो, हे मला बरं वाटत नाही. हक्काची विश्रांती न मिळणं ही शौर्यकथा नव्हे. आणि जिममधली आपली कित्येक मतं अशाच कथांवर पोसलेली आहेत.

पुन्हा वाद सुरू झाला तो मामांच्याच एका आठवणीवरून. तालमीत दगडी नाल असे. गळ्यात अडकवून बैठका मारायचा नाल वेगळा, आणि दोन्ही हातांनी एकदा उचलून दाखवायचा भारी नाल वेगळा.

ताई : तो भारी नाल एकानं उचलला की लगेच तोच परत उचलायचा का?

मामा : छे. एकानं उचलला की दुसरा यायचा, मग तिसरा. आपली पाळी परत यायला वेळ लागायचा.

ताई : किती?

मामा : पाच-सात पोरं असली की... पाच-दहा मिनिटं जायची.

ताई : लढतीचंही तसंच ना? हौद्यात दोन-तीन जोड्या, बाकीचे कडेला उभे. दोर चढायलाही रांग. म्हणजे जिथं खरी ताकद लागत होती, तिथं तुमच्या तालमीत विश्रांती होतीच. पाळीच्या रूपानं होती, म्हणून ती कुणाला विश्रांती वाटली नाही. माझ्या जिममध्ये एका बाईला एक बार मिळतो, मागे रांग नसते. म्हणून मला घड्याळ लावावं लागतं.

मामा : हे मात्र खरं बोललीस. भारी नालाला कुणी लागोपाठ हात घालत नव्हतं. पण तुमच्या वेटलिफ्टिंगमध्ये तरी कुठं तीन मिनिटं देतात? मी टीव्हीवर बघतो की. घड्याळ लावलेलं असतं.

ताई : नाव पुकारल्यावर एक मिनिट. लागोपाठ दोन वेळा स्वतःचीच पाळी आली तर दोन मिनिटं. पण एका पाळीला एकच उचल असते, आबा, पाच-दहा नाही. अख्ख्या स्पर्धेत सहा उचली, तीन स्नॅचच्या आणि तीन क्लीन अँड जर्कच्या. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, बेरीज २४८. सुवर्ण मिळालेल्या मलेशियाच्या खेळाडूची बेरीज २४९. एक किलोचा फरक. जिथं एका किलोनं पदकाचा रंग बदलतो, तिथं सरावात अर्धवट सावरलेल्या अंगानं उचलून कसं चालेल? आम्ही सरावात प्रत्येक जड उचलीनंतर नीट थांबायचो. न थांबणाऱ्याची पाठ आधी वाकायची, मग कंबर धरायची.

दमलेल्या अंगाचा हा धोका फारसा बोलला जात नाही. पाय थकले की डेडलिफ्टमध्ये पाठ गोल होते, स्क्वॉटमध्ये गुडघे आत कोसळतात. ताईच्या मते जिममधल्या कंबरदुखीच्या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी वजनाच्या नसतात, घाईच्या असतात.

आता वेळेचा प्रश्न. तो मीच विचारला, कारण तो माझा आहे आणि माझ्यासारख्या असंख्य बायकांचा आहे. पाच व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, मधे तीन-तीन मिनिटं धरली तर नुसत्या थांबण्यातच पाऊण तास जातो. सकाळचे डबे, ऑफिस, घरातलं आजारपण सांभाळून एवढा वेळ कुठून आणायचा?

मामा : बघ, आता आली का अडचण? बैठका मारायला पंधरा मिनिटं पुरतात. चटईसुद्धा लागत नाही.

ताई : त्याला उपाय आहे. दोन असे व्यायाम जोडायचे की एकाचा दुसऱ्याला त्रास नको. छातीनं ढकलायचा एक, पाठीनं ओढायचा एक. बेंच प्रेसचा सेट झाला की दीड मिनिटानं रोइंगचा सेट. परत दीड मिनिटानं बेंच. छातीला मधे तीन मिनिटांच्या वर विश्रांती मिळाली, घड्याळात मात्र निम्मा वेळ वाचला. बैठकांबरोबर खांद्याचं काहीतरी जोडता येतं. पण जड डेडलिफ्टला मी काही जोडत नाही. तो एकटाच करायचा आणि मग निवांत बसायचं. आणि आठवड्यातून दोन दिवस नीट केलं तरी पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करा असंच सांगते.

मामा : आणि माझ्यासारख्यानं? बीपीची गोळी चालू आहे माझी.

ताई : तुम्ही तर थांबायलाच हवं. श्वास रोखून जड वजन ढकललं की रक्तदाब किती चढतो माहीत आहे? १९८५ साली कॅनडात धडधाकट बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून मोजला होता. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी ३२० वर २५०. वजन ठेवल्यावर काही सेकंदांत तो उतरतो, पण सेट जितका शेवटच्या रेपपर्यंत ताणाल तितका तो चढत जातो. म्हणून तुम्ही मध्यम वजन घ्यायचं, ढकलताना श्वास सोडायचा, अजून दोन-तीन रेप येतील असं वाटत असतानाच थांबायचं, आणि धाप पूर्ण बसेपर्यंत पुढचा सेट घ्यायचा नाही. आणि हे सगळं डॉक्टरांना सांगून.

मामांनी मान हलवली, पण माघार घेतली नाही. त्यांचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला.

मामा : तू म्हणतीस तसं थांबतो. पण तुझी ती पोरं थांबतात का? तीन मिनिटांसाठी बसतात, मोबाइल काढतात, त्यात दहा मिनिटं जातात. परत बारखाली जातात तेव्हा अंगही थंड आणि मनही दुसरीकडं. आमच्या वस्तादाची काठी कशासाठी होती? लक्ष तुटू नये म्हणून. कडेला उभं राहिलेलं पोरगंसुद्धा हौद्यातली लढत बघायचं, कुणी कुठला डाव टाकला ते मनात धरायचं. विश्रांतीला माझा विरोध नाही बाई आता. पण विश्रांतीत माणूस तालमीतच असला पाहिजे.

ताई : हे मी उद्यापासून पाटीवर लिहिते, आबा. माझं घड्याळ दोन्ही बाजूंनी असतं. जड सेटनंतर दोन मिनिटांच्या आत उठायचं नाही आणि पाच मिनिटांच्या पुढे बसायचं नाही. मोबाइल पिशवीत.

मामा : आणि जोर-बैठका?

ताई : त्या तुम्ही शिकवा. शनिवारी या. दमाचा वर्ग तुमचा.

मामा तयार झाले, पण जाताना एवढं मात्र म्हणालेच की त्यांच्या वर्गात कुणी बसणार नाही. ताईनं त्याला हरकत घेतली नाही. दमाच्या वर्गात बसायचं कारणही नाही.

माझं मत एवढं ऐकून पक्कं झालं आहे. ताकद वाढवायची असेल तर पुढचा सेट नीट होईल एवढं थांबा, आणि ते 'एवढं' ओळखायला एक वही पुरते. पहिल्या सेटला किती रेप आल्या, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती, हे लिहा. त्याच वजनावर दुसऱ्या-तिसऱ्या सेटला दोनाहून अधिक रेप गळत असतील तर विश्रांती एका मिनिटानं वाढवा. रेप टिकत असतील तर वाढवायची गरज नाही.

आणि जिम चालवणाऱ्यांना, तिथल्या प्रशिक्षकांना विनंती. तुमच्याकडे पहिल्यांदा येणारी पन्नाशीची बाई, निवृत्त झालेला माणूस, आजारातून उठलेलं कुणी, यांना पहिल्याच दिवशी न थांबवता पळवू नका. चक्कर येणं, उलटी होणं ही चांगल्या व्यायामाची खूण नव्हे, आणि तेवढ्यामुळे पुष्कळ जण दुसऱ्या आठवड्यात येणं सोडून देतात. त्यांच्यासाठी बाक ठेवा, भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा, आणि बसलेल्या माणसाला उठवू नका.